सरांच्या आवाजाची बाकी

"बाकी काय?" हा आपल्याकडे बोलणं आवरतं घ्यायचा प्रश्न आहे. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं आणि ऐकणाऱ्याकडे ते नसतं. "बाकी काय, मजेत" म्हणायचं आणि आपापल्या वाटेला लागायचं. आमचे सर मात्र हा प्रश्न भेटल्याभेटल्या विचारायचे आणि उत्तरासाठी खरोखर थांबायचे. दिघीच्या जेट्टीवर माणसं फेरीबोटीत चढायच्या घाईत असायची, कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या कडेवर पोर, आणि हे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ वाटेतच उभे राहून विचारणार, "बाकी काय?" कुणी "काही नाही" म्हटलं की त्यांना पटायचं नाही. "काही नाही कसं? काहीतरी उरतंच," असं पुटपुटत ते बाजूला व्हायचे. कॉलेजातच त्यांचं नाव बाकीसर पडलं होतं. निवृत्तीनंतर ते गावानेही उचललं.

सर गणित शिकवायचे. पण फळ्यावरचं गणित पोटापाण्याचं होतं, जिवाचं गणित वेगळं होतं. पेटीवर सा वाजवला आणि सनईवर तोच सा वाजवला, तर उंची तीच, जोर तोच, तरी डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळतं की ही पेटी आणि ही सनई. ते कशावरून कळतं? आपल्या संगीतशास्त्रात याला नादाची जात म्हणतात. सर सांगायचे की कुठलाही आवाज एकटा येत नाही. मूळ स्वराच्या मागे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाने थरथरणारे बारीक उपस्वर असतात. त्यांतल्या कुणाचा जोर किती, कोण आधी उठतो, कोण आधी विरतो, यावर आवाजाची जात ठरते. हे सगळं समीकरणात बसवलं तर सनईला हात न लावता नुसत्या आकड्यांतून सनई उभी करता येईल, असा त्यांचा हिशेब होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिघीच्या घराच्या ओटीवर एक फळा, एक कॉम्प्युटर आणि एक माइक मांडला आणि हे काम धरलं.

या 'जात' शब्दापायी त्यांनी एकदा जवळजवळ मार खाल्लाच होता. फेरीबोटीला नवा भोंगा बसवला होता, आणि नेमका त्याच सुमारास एक नवा खलाशीही कामावर आला होता. सर बोटीत चढले, भोंगा ऐकला आणि चालवणाऱ्या तांडेलाला म्हणाले, "जुना बरा होता रे. या नव्याची जात काही चांगली नाही." तो खलाशी दोरखंड टाकून तरातरा आला. "ओ म्हातारबा, जात कुणाची काढता? आं?" तांडेल मध्ये पडला म्हणून निभावलं. "आरं बाबा, सर भोंग्याचं बोलतायत, तुजं न्हाय!" सगळी बोट हसली. सरांनी हात जोडले आणि मग अगदी मनापासून त्या पोराला म्हणाले, "पण तुझा आवाज काय सुरेख फुटला रे. पुन्हा एकदा ओरडशील?"

मी पलीकडची, आगरदांड्याची. कॉलेजात त्यांची विद्यार्थिनी होते, पुढे कीबोर्डचे टोन बनवायच्या धंद्यात शिरले. आमच्या किनाऱ्यावर हळदीला बेंजो पार्टी लागतेच, आणि आता त्या पार्टीत सनईवाला कमी, कीबोर्डवाला जास्त. त्याने पट्टी दाबली की सनई वाजली पाहिजे, बासरी वाजली पाहिजे. तो आवाज तयार करून कीबोर्डात भरून देणं हे माझं काम. बहुतेक जण खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून तसाच भरतात. मला तो समीकरणातून घडवायचा होता, आणि ते शिकवणारा माणूस खाडीच्या पलीकडे बसला होता. मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. मी ओटीवर पाय ठेवला की सर विचारायचे, "बाकी काय, नसीम?" आणि आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, तिला आधी पाणी तरी पिऊ द्या!"

त्यांची कामाची रीत साधी होती. खरा आवाज घ्यायचा. त्यातून समीकरणाने घडवलेला आवाज वजा करायचा. उरेल ती बाकी. ती बाकी ते स्पीकरवर लावून ऐकायचे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सूर नाहीच. नुसता श्वास, ओठांची ओली हालचाल, भोकांवर बोटं टेकल्याचा टपटप आवाज, मागे कुठेतरी कावळा. सर म्हणाले, "सनईतून सनई वजा केली की फुंकणारा माणूस उरतो." मी म्हटलं, "सर, हे भुतासारखं वाटतं." ते हसले. "भूत नाही गं. माझ्या मॉडेलची चूक आहे ती. चूक नीट ऐकावी."

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी सर माइकसमोर ताठ बसायचे आणि एक लांब 'आ' लावायचे. आवाज गोड नव्हता, पण सरळ होता. आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला. हा 'आ' कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाणी दुकान उघडल्यावर आधी रिकामा तराजू बघतो ना, काटा मध्ये आहे का? तसं. माझ्या आवाजाचं मॉडेल पक्कं झालंय. रोज तोच आवाज, रोज तीच बाकी यायला हवी. वेगळी आली तर समजायचं की माइक बिघडला, नाहीतर वायर. या सगळ्या पसाऱ्यात मी स्थिरांक." आणि त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: मी = स्थिर. काकूंनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, "स्थिर! सकाळपासून चष्मा शोधत घरभर हिंडतायत." तेव्हा आम्ही तिघंही हसलो. आता त्या ओळीची मला भीती वाटते.

कारण थोड्याच महिन्यांनी सकाळच्या 'आ'ची बाकी वाढायला लागली. कानाला काहीच कळत नव्हतं. आलेखावर मात्र जिथे सपाट रेघ असायची तिथे बारीक कुसळं दिसायला लागली. सरांनी माइक बदलला. कुसळं गेली नाहीत. त्यांनी खाऱ्या हवेला दोष दिला आणि माइकवर फडकं घालायला सुरुवात केली. मग वायर बदलली. मग काकूंना सकाळच्या वेळी फ्रिज बंद ठेवायला लावला आणि दूध नासल्यावर बोलणी खाल्ली. ओटीवर सुपारीची पोती होती, ती आवाज पिऊन टाकत असतील म्हणून मागच्या पडवीत नेऊन टाकली. घरातल्या सगळ्या वस्तूंवर त्यांचा संशय गेला. स्वतःवर मात्र गेला नाही. स्थिरांकावर कोण संशय घेणार?

शेवटी एका सकाळी मी पोचले तर सर ओटीच्या पायरीवर येऊन उभे होते. चेहरा फुललेला. "सापडलं! माइक नाही, हवा नाही. मॉडेलच अपुरं होतं." माणसाचा आवाज घड्याळासारखा नेमका नसतो, प्रत्येक थरथर आधीच्या थरथरीपेक्षा किंचित लांब किंवा आखूड असते, आणि तिच्यातून थोडी हवा निसटते, हे त्यांनी समीकरणात धरलंच नव्हतं. त्यांनी एक नवं पद घातलं होतं. त्याला नाव दिलं 'ख'. "खरखरीचा ख," ते म्हणाले. ख घातला आणि बाकी पार शून्याजवळ आली. आलेखावरची रेघ पुन्हा सपाट. सरांनी ती मला दाखवताना घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला, आणि काकूंनी ज्येष्ठमधाची काडी त्यांच्या हातात आणून दिली.

खरं सांगायचं तर तो ख कमालीचा होता. मी तो सनईच्या टोनमध्ये थोडासा मिसळला, आणि इतके दिवस प्लास्टिकची वाटणारी सनई एकदम श्वास घ्यायला लागली. थळच्या एका कीबोर्डवाल्याने फोन केला, "ताई, ह्याच्यात काय घातलंय तुम्ही? आता खरंच कोन तरी फुंकतोय आसा वाटतो." टोन किनाराभर पसरला. आजही थळपासून दिघीपर्यंत कुठे हळद लागली आणि कीबोर्डवर सनई वाजली, तर तिच्यात बहुतेक तो ख असतोच. मांडवात बायका नाचतात, नवरीच्या गालाला हळद लागते, आणि मी असले तर पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहते.

ख एका जागी थांबला नाही. दर आठवड्याला सर त्याची किंमत नव्याने काढायचे आणि ती थोडी मोठी यायची. "नमुने वाढले की किंमत सुधारते," असं ते म्हणायचे. मॉडेल सुधारतंय याचा त्यांना आनंद होता. मलाही होता. जेवणानंतर ओटीच्या कठड्यावर बसून ते एक विडी ओढायचे, तिचा धूर सोडताना आता शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. काकू म्हणायच्या, "हवा दमट आहे." रोज ऐकणाऱ्या माणसाला आवाजातला बदल कळत नाही. पोर रोज डोळ्यांसमोर असलं की त्याची उंची कळत नाही ना, तसंच.

कळलं माझ्या अम्मीला. ती खूप दिवसांनी माझ्याबरोबर दिघीला आली होती. सर तिच्याशी पाच वाक्यं बोलले असतील. परत येताना बोटीत अम्मी म्हणाली, "तुझ्या सरांचा गला असा कधीपासून? खैर वाटत नाही मला. डॉक्टरकडे ने त्यांना." दुसऱ्याच दिवशी मी सरांना तसं सांगितलं, स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः माइकसमोर बसले आणि 'आ' लावला. तो 'आ' मध्येच दोनदा तुटला. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "बघ. बाकी शून्य. काही बिघाड असता तर इथे दिसला नसता का?"

मी तो आकडा बघत राहिले. बाकी शून्यच होती. जे काही बिघडत होतं ते सगळं 'ख'मध्ये जाऊन बसलं होतं. मी म्हटलं, "सर, बाकी शून्य आहे, पण ख बघा ना किती झालाय." ते म्हणाले, "ख हा मॉडेलचा भाग आहे, नसीम. तो चुकीत धरायचा नाही." असं पंचवीस वेळा फळ्यासमोर विद्यार्थ्यांच्या गळी उतरवलं असेल त्यांनी, तशा शांतपणे म्हणाले. काकूंना आत जाऊन सांगितलं, तर त्या हातातली विळी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी म्हटलं तर म्हणतात, तुला गणितातलं काय कळतं." तो पडदा उचलून खाडीत फेकावा असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मग ती सकाळ आली. मी पोचले तेव्हा सर माइकसमोर बसले होते आणि काकू दारात उभ्या होत्या. सरांनी तोंड उघडलं, मान ताणली, गळ्याच्या शिरा वर आल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. पडद्यावर दोन वाक्यं उमटली. ती त्यांनीच कधीतरी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवली होती: 'स्वर सापडला नाही. माइक तपासा.' सरांनी हात पुढे करून खरोखरच माइक तपासला. काकू म्हणाल्या, "उठा. आत्ताच्या आत्ता उठा." आणि चप्पल घालून स्वतः आधी पायरी उतरल्या.

मुंबईच्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून पाहिलं आणि त्यांचा चेहराच आम्हाला सगळं सांगून गेला. त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?" या प्रश्नाला माणसं 'झाले काही दिवस' म्हणतात. सरांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. समीकरणातून ख काढला, जुन्या सगळ्या सकाळच्या 'आ'ची बाकी पुन्हा मांडली आणि कुसळं जिथे सुरू झाली होती तिथे बोट ठेवलं. डॉक्टर वाकून बघत राहिले. "इतक्या लवकर? तेव्हा तर तुमच्या कानालाही कळलं नसेल. तेव्हाच आला असतात तर..." मग त्यांनी विचारलं, "तेव्हा काय केलंत तुम्ही?" सरांनी कुजबुजत उत्तर दिलं. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही म्हणून मला पुन्हा सांगावं लागलं. "माइक बदलला, म्हणतायत."

स्वरयंत्र काढावं लागलं. सर घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. आता ओटीवरच्या फळ्यावर ते लिहून बोलायचे. वाक्य पुरं लिहायचे, शेवटी पूर्णविराम द्यायचे. 'मीठ कमी आहे.' 'नसीम, छत्री विसरू नकोस.' एकदा मला बसवून त्यांनी सगळं समीकरण फळ्यावर मांडलं, 'ख'भोवती गोल केला आणि खाली लिहिलं: 'जे समजत नाही त्याला नाव दिलं की ते समजलं असं वाटतं.' त्यांनी डस्टरने ते पुसलं आणि पुढचं उदाहरण घेतलं, वर्गात घ्यायचे तसंच.

आवाज परत आणायची कल्पना माझी. शिकवताना केलेली त्यांची तासन्‌तासांची रेकॉर्डिंग माझ्याकडे होती, मॉडेल होतं, ख तेवढा शून्य करायचा होता. सरांनी फळ्यावर 'बघू.' असं लिहिलं, तेव्हा मला हुरूप आला. सगळं बोलणं जमणार नव्हतं, पण रोजची चार वाक्यं जमली. दुपारच्या चहाच्या वेळी मी लॅपटॉप ओटीवर मांडला, स्पीकर जोडला आणि सर आरामखुर्चीत बसलेले असताना पहिलं वाक्य वाजवलं. "सुमन, चहा टाकतेस का गं?" स्वच्छ, सरळ, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. खरखरीचा मागमूस नाही.

काकू मागच्या परसात कोकमं फोडत होत्या. "आले, आले! ओरडताय कशाला?" म्हणत त्या धावत आल्या. हात कोपरापर्यंत लालभडक. येऊन उभ्या राहिल्या त्या थेट स्पीकरसमोर. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नातल्या नवरीच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. क्षणभर त्या तशाच हसऱ्या उभ्या राहिल्या. आरामखुर्ची त्यांच्या पाठीमागे होती. तिच्यात सर होते, गळ्याचं फडकं श्वासाने हलत होतं, आणि काकूंना वळून बघायचं भान नव्हतं. मग त्या वळल्या आणि पदर तोंडात घालून आत निघून गेल्या.

सर उठले. फळ्यापाशी जाऊन त्यांनी लिहिलं, 'पुसून टाक. सगळं.' मी म्हटलं, "सर, थोडी सवय होईल त्यांना." त्यांनी मान हलवली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. 'सुमन तिकडे बघते.' पूर्णविराम त्यांनी याही वेळी दिला. मी त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं पुसलं. मॉडेल, शिकवतानाची रेकॉर्डिंग, सकाळचे सगळे 'आ'. माझ्या घरच्या मशीनवरची प्रतही त्यांनी आठवण करून पुसायला लावली, आणि आगरदांड्याला पोचल्यावर मी ती पुसली. आयुष्यभर त्यांचं ऐकत आले होते, तसं तेही ऐकलं.

पावसाळा संपता संपता सर गेले. शेवटच्या दिवसांत फळ्यापर्यंत जाववत नव्हतं, तेव्हा ते काकूंच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचे आणि काकू ती मोठ्याने वाचायच्या. त्या काळात दोघं एकमेकांकडे किती बघायची! मी जाऊन बसले तरी माझ्याकडे लक्ष नसायचं दोघांचं. सरांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं, असं मी मनाला सांगते. ते खरंही आहे.

मी अजून दिघीला जाते. ओटीवर फळा आहे, कोरा. काकू चहा देतात, माझ्या अम्मीची चौकशी करतात, सुपारीचं काय झालं ते सांगतात. मग कप उचलता उचलता, माझ्याकडे न बघता विचारतात, "तू खरंच पुसलंस का गं सगळं?" मी म्हणते, "हो काकू. तुम्ही घरातच होतात ना." "होते गं. पण मुलं मोठ्यांचं सगळंच कुठे ऐकतात? म्हटलं, तू एखादं लपवून ठेवलं असशील." माझ्याकडे काहीही नाही. असतं, तर मी त्याच क्षणी लावलं असतं. काकू माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि त्यांचा आवाज फुटतो. "एक 'आ'सुद्धा ठेवला नाहीस, मेले?" आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारतात.